गणपतीत कोकणात, दिवाळी अंकाची प्रुफं आणि फोनवरचा व्हिम

यंदा गणपतीला गावी निघायच्या चार दिवस आधी लॅपटॉपची बिजागरी तुटली आणि स्क्रीनची केबलही गेली. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, पार्ट आठवड्याने येईल." इकडे दिवाळी अंकाचे अकरा लेख माझ्याकडे साफ करायचे राहिले होते. ज्यांनी दिवाळी अंकाचं काम केलंय त्यांना ठाऊक असेल की गणपती आणि प्रुफं नेहमी एकाच आठवड्यात येतात. अंक वेळेवर छपाईला जायचा तर विसर्जनाची वाट बघून चालत नाही.

म्हणून सोबत फोन, घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड आणि फोनवर टर्मक्समधून (हे अँड्रॉइडवर संगणकाचे प्रोग्रॅम चालवणारं अॅप) घातलेला व्हिम, म्हणजे बटणांच्या आज्ञांवर चालणारा मजकुराचा एडिटर, एवढंच घेऊन देवरुखच्या बाजूला आमच्या गावी गेले. आठ दिवस याच जोडीवर काम केलं. हा अभिप्राय त्या आठ दिवसांचा आहे. व्हिम मी २००६ पासून वापरते, पण इतकी वर्षं लिनक्स या संगणक-प्रणालीवर, मोठ्या स्क्रीनपुढे. फोनवर तो कितपत चालेल याची मला खरंच धास्ती होती.

आधी माझं काम सांगते, म्हणजे मी कशावरून मत देते ते कळेल. बरेच जुने लेखक आणि डीटीपीवाले अजून युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये मजकूर देतात. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. कन्व्हर्टरमधून काढलं की त्याचं युनिकोड होतं खरं, पण ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, रफार एक घर पुढे सरकतो, अनुस्वार मात्रेच्या आधी जाऊन बसतो. असे हजारो शब्द. वर्ड प्रोसेसरमध्ये हे एकेक करून दुरुस्त करणं म्हणजे तांदळातले खडे चिमट्याने काढण्यासारखं. व्हिममध्ये एक नमुना लिहायचा आणि अख्ख्या फाइलवरून फिरवायचा. शिवाय एका लेखासाठी लिहिलेली आज्ञा पुढच्या दहा लेखांना चालते.

टर्मक्स मी एफ-ड्रॉइड या मुक्त अॅपच्या भांडारावरून घेतलं आणि तुम्हीही तिथूनच घ्या असं सांगेन. त्याला कारण आहे. अँड्रॉइड १० पासून नव्या नियमांनी बांधलेल्या अॅपला स्वतःच्या लिहित्या फोल्डरमधला प्रोग्रॅम थेट चालवता येत नाही. टर्मक्सचा तर सगळा संसारच त्या फोल्डरात असतो, पॅकेजं तिथेच उतरतात आणि तिथूनच चालतात. एफ-ड्रॉइडवरची आवृत्ती जुन्या नियमाला धरून बांधलेली असल्यामुळे तिला ही अडचण येत नाही. अॅप उघडून 'पीकेजी इन्स्टॉल व्हिम' एवढी एक ओळ लिहिली आणि व्हिम आला. फोन रूट करून त्याची कुलपं उघडावी लागली नाहीत, पैसे लागले नाहीत, जाहिरात दिसली नाही.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिची मला फार कदर वाटते. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचा गाभा आहे, म्हणून लिनक्सवरचा प्रोग्रॅम उचलून ठेवला की चालेल असं वाटतं. तसं होत नाही. लिनक्सवर प्रोग्रॅम कुठे असावेत, सेटिंग कुठे असावीत, तात्पुरत्या फाइली कुठे ठेवाव्यात याच्या ठरलेल्या जागा असतात. अँड्रॉइडवर त्या जागा एक तर नसतात, नाहीतर अॅपला तिथे शिरकाव नसतो. प्रोग्रॅम ज्या मूळ सी लायब्ररीवर उभे राहतात तीही वेगळी. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी ग्नूची असते, इथे गूगलची बायॉनिक आहे. म्हणून टर्मक्सची माणसं प्रत्येक पॅकेजला ठिगळं लावतात, वाटा बदलतात आणि ते अँड्रॉइडसाठी नव्याने कंपाइल करतात. हे सगळं फुकट, लोकांसाठी. आपल्याला मात्र शेवटी एक ओळ लिहावी लागते.

व्हिमला हे स्थलांतर तसं नवं नाही. त्याचा जन्मच एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाण्यातून झाला. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमाराला बर्कलीत युनिक्स या संगणक-प्रणालीसाठी व्ही-आय हा एडिटर लिहिला. तो ज्यांच्या बोटांत बसला त्यांना घरच्या यंत्रावरही तोच हवा होता. १९८७ मध्ये टिम थॉम्पसन यांनी अटारी एसटी या घरगुती संगणकावर त्याची नक्कल केली, तिचं नाव स्टीव्ही. टोनी अँड्रूज यांनी तीच पुढे युनिक्स आणि अमिगा या दुसऱ्या घरगुती संगणकावर नेली. ब्राम मूलेनार या डच माणसाने १९८८ मध्ये अमिगा घेतला, त्याच्यासाठी चांगला व्ही-आय मिळेना, म्हणून त्यांनी स्टीव्ही हाती घेऊन सुधारायला सुरुवात केली. १९९१ मध्ये तो अमिगाचे मोफत प्रोग्रॅम वाटणाऱ्या फ्रेड फिश यांच्या ५९१ क्रमांकाच्या फ्लॉपीवरून लोकांपर्यंत पोचला. तेव्हा 'व्हिम'चा अर्थ व्ही-आयची नक्कल असा होता. १९९२ मध्ये तो युनिक्सवर, म्हणजे मूळ व्ही-आयच्याच घरी गेला आणि पुढे नावाचा अर्थ 'सुधारलेला व्ही-आय' असा झाला. गावी पडवीत बसून पहिल्यांदा फोनवर व्हिम उघडला तेव्हा मला हे सगळं आठवलं. अटारी, अमिगा, युनिक्स, आणि आता आमच्या सारवलेल्या पडवीतला फोन.

कीबोर्डबद्दल. व्हिममध्ये एस्केप हे बटण दर मिनिटाला लागतं, टायपिंग थांबवून आज्ञांकडे जायला तेच दाबायचं असतं. व्ही-आय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर (पडदा आणि कीबोर्ड असलेल्या जुन्या यंत्रावर) लिहिला गेला त्यावर एस्केप आजच्या टॅबच्या जागी होतं, करंगळीच्या अगदी जवळ. माझ्या घडीच्या कीबोर्डवर एस्केपच्या जागी अँड्रॉइडचं 'मागे जा' बटण आहे. पहिल्या संध्याकाळी प्रत्येक वेळी एस्केप म्हणून ते दाबलं आणि काही केल्या इन्सर्ट मोडमधून, म्हणजे टायपिंगच्या अवस्थेतून, बाहेर पडता येईना. उपाय टर्मक्सच्या सेटिंग फाइलमध्ये सापडला. 'बॅक-की' या ओळीसमोर 'एस्केप' लिहिलं आणि प्रश्न मिटला. ते जमलं नाही तरी कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस मिळूनही एस्केपच होतो. कीबोर्ड नसताना टर्मक्स स्क्रीनखाली एस्केप, टॅब, कंट्रोल यांची पट्टी दाखवतं आणि आवाज कमी करायचं बटण कंट्रोलचं काम करतं. बसमध्ये दोन-चार शब्द दुरुस्त करायला ते पुरतं. अख्खा लेख मात्र त्यावर करू नये, बोटं दुखतात.

मराठी टायपिंग हा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. व्हिमच्या सगळ्या आज्ञा इंग्रजी अक्षरांच्या आहेत. फोनचा कीबोर्ड मराठीवर ठेवला तर 'डी डी' दाबून ओळ उडायच्या ऐवजी दोन पायमोडकी चिन्हं जातात आणि व्हिमला काहीच कळत नाही. प्रत्येक आज्ञेला भाषा बदलत बसलं तर काम पुढे सरकणार नाही. यावर व्हिममध्ये कीमॅप नावाची सोय आहे. एक साधी मजकूर फाइल असते, तिच्यात प्रत्येक ओळीवर आधी इंग्रजी बटण आणि त्यापुढे देवनागरी अक्षर. मी माझी इन्स्क्रिप्ट या भारतीय कीबोर्ड-मांडणीची फाइल कित्येक वर्षांपूर्वी हाताने लिहिली होती. के ला क, जे ला र, एच ला प. इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल आणि ६ दाबलं की मराठी सुरू होते, पुन्हा दाबलं की बंद. एस्केप मारून बाहेर आलं की आज्ञा आपोआप इंग्रजी. आणि ओळीत पुढचा क शोधायला 'एफ' दाबून के दाबलं, तर तिथेही व्हिम क समजून घेतो.

ती फाइल मी लिनक्सवरून जशीच्या तशी फोनवर टाकली. एक अक्षरही बदलावं लागलं नाही. ती पहिल्या फटक्यात चालली तेव्हा मला झालेला आनंद मी लपवणार नाही. अँड्रॉइडला मराठी हार्डवेअर कीबोर्ड समजतो की नाही, हा प्रश्नच उरला नाही, कारण मराठी अँड्रॉइडकडून येतच नव्हती, व्हिमकडून येत होती. कुठल्याही यंत्रावर जा, सोबत आपली फाइल न्या, तुमची मराठी तुमच्याबरोबर येते.

एक प्रसंग जवळून सांगते. सातव्या लेखात 'दुसऱ्या' हा शब्द शोधत होते. लेखात तो सतरा-अठरा वेळा तरी असणार हे वाचताना जाणवत होतं, पण शोधात चारच सापडले. बाकीचे डोळ्यांना तेच दिसत होते, अगदी तोच शब्द. व्हिममध्ये अक्षरावर कर्सर ठेवून 'जी ए' दाबलं की त्या अक्षराच्या पोटातले क्रमांक खाली दिसतात. सापडलेल्या शब्दात होता २३५३, म्हणजे ऱ, ज्याचा अर्धा भाग आडवी चंद्रकोर काढतो. न सापडलेल्यात होता २३५२, म्हणजे साधा र, त्याला जोडून २३८१, म्हणजे पाय मोडण्याचं चिन्ह, आणि त्यामागे ८२०५, म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह. दोन्हींचं चित्र एकच, पोट वेगळं. जुन्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या मजकुरात 'ऱ्या' अजूनही दुसऱ्या पद्धतीने येतो. वाचकाला काहीच कळत नाही, पण शोध, वर्णक्रम आणि सूची तिन्ही फसतात. 'वाऱ्यावर', 'तऱ्हा', 'कोऱ्या', 'शेतकऱ्यांना', असे शब्द मराठीत पानापानावर आहेत.

एका आज्ञेत त्या तीन चिन्हांच्या जागी दोन घातली, ऱ आणि पायमोडकं चिन्ह. खाली आकडा आला, ६१ बदल. मग तीच आज्ञा बाकीच्या दहा फाइलींवर फिरवली. तेवढ्यात आतून आरतीला हाक आली आणि मी हात धुवायला उठले. हे काम दुसऱ्या कुठल्या फोनच्या अॅपमध्ये एवढ्या वेळात झालं असतं असं मला वाटत नाही.

मराठी काम करणाऱ्यांनी आणखी एक सेटिंग जरूर करावं, त्याचं नाव 'डेलकम्बाइन'. एरवी व्हिममध्ये 'एक्स' दाबलं की अक्षर त्याच्या मात्रेसकट जातं. हे चालू केलं की आधी मात्रा जाते, अक्षर राहतं. चुकीच्या वेलांट्या काढणाऱ्याला याचं मोल कळेल.

आता उणी बाजू. देवनागरी दिसते कशी? सुंदर दिसत नाही. टर्मिनल, म्हणजे टर्मक्सची ती नुसत्या अक्षरांची खिडकी, हा प्रकारच मुळात एका चौकटीत एक अक्षर या हिशोबावर उभा आहे आणि आपली लिपी त्या हिशोबात बसत नाही. 'क्ष' हा पायमोडका क आणि ष असा फुटून दिसतो. रुंद अक्षरं चेपतात, अरुंद ताणतात. त्याहून त्रासाचं म्हणजे मात्रांना जागा द्यायची की नाही याबद्दल टर्मिनलचा हिशोब आणि व्हिमचा हिशोब नेहमी जुळत नाही. मग लांब ओळीत कर्सर दिसतो एका अक्षरावर आणि असतो दुसऱ्यावर. पहिल्या दिवशी मी दोन चांगली अक्षरं उडवली आणि परत आणली. त्यानंतर लांब ओळी वाक्यावाक्यावर तोडून घेतल्या, काम झाल्यावर जोडल्या. ओळ आखूड असली की चूक फार साठत नाही. हा दोष एकट्या टर्मक्सचा किंवा व्हिमचा नाही, मोठ्या संगणकावरच्या कितीतरी टर्मिनलमध्येही हेच होतं. तिथे जी-व्हिमची वेगळी खिडकी मिळते आणि मजकूर पुष्कळ बरा दिसतो. फोनवर मी ती सोय केली नव्हती.

म्हणून फोनवरच्या व्हिममध्ये लेख आस्वाद घेत वाचता येणार नाही. शेवटचं वाचन मी दुसऱ्या साध्या वाचन-अॅपमध्ये केलं. पण एक गोष्ट मला अनपेक्षितपणे उपयोगी पडली. जोडाक्षरं फुटलेली दिसतात, म्हणून एरवी आकाराच्या आड दडणारा जास्तीचा हलन्त इथे लगेच डोळ्यात भरतो. 'विद्द्यार्थी'मधला दुहेरी द मला दोन लेखांत असाच सापडला. गेल्या वर्षी तो छापून गेला होता आणि त्याची रुखरुख मला वर्षभर होती.

दुसरी उणी बाजू फोनची. बॅटरी वाचवायच्या नावाखाली फोन मागे पडलेलं अॅप बंद करून टाकतो. तिसऱ्या दिवशी मुंबईहून आलेल्या चुलत जावेशी व्हिडिओ कॉलवर बोलले, परत आले तर टर्मक्स कोरं. दीड तासाचं काम आणि मी मध्ये एकदाही सेव्ह केलं नव्हतं. पोटात गोळा आला. फाइल उघडली तर व्हिमने सूचना दाखवली की या नावाची स्वॅप फाइल आधीच आहे. 'आर' दाबलं आणि सगळं परत आलं, शेवटच्या शब्दापर्यंत. व्हिम दर २०० अक्षरांनंतर, किंवा टायपिंग थांबून ४ सेकंद झाली की, बदल स्वॅप फाइलमध्ये उतरवून ठेवतो. त्या दिवसानंतर टर्मक्सच्या नोटिफिकेशनमधलं 'वेकलॉक' (फोनला झोपू न देणारी सोय) चालू ठेवलं आणि बॅटरीच्या सेटिंगमध्ये टर्मक्सला मोकळीक दिली. पुन्हा तसं झालं नाही.

बारीकसारीक पण जपायच्या गोष्टी अशा. व्हॉट्सअॅप किंवा ईमेलमधून आलेल्या फाइली टर्मक्सला आपोआप दिसत नाहीत. 'टर्मक्स-सेटअप-स्टोरेज' ही आज्ञा एकदा द्यावी लागते, मग फोनचं डाउनलोड फोल्डर दिसायला लागतं. काम टर्मक्सच्या घरातल्या प्रतीवर करा, पण झाल्यावर प्रत बाहेर ठेवा, कारण टर्मक्स अनइन्स्टॉल केलं की त्याचं घरही पुसलं जातं. दुसऱ्या अॅपमधून कॉपी केलेलं थेट आज्ञेने व्हिममध्ये आणायचं तर टर्मक्स-एपीआय हे जोड-अॅप आणि त्याच नावाचं पॅकेज दोन्ही लागतात. जोड-अॅप जिथून टर्मक्स घेतलं तिथूनच घ्यायचं, एक एफ-ड्रॉइडचं आणि एक गिटहब या दुसऱ्या साइटवरचं असं केलं तर अॅपच्या डिजिटल सह्या जुळत नाहीत आणि ते बसत नाही. मी बोटाने दाबून धरून पेस्ट करत राहिले, मला तेवढं पुरलं.

हे कोणी घ्यावं? ज्यांच्या हातात व्हिम आधीपासून आहे, त्यांनी निःशंक घ्यावा. लिनक्सवरची माझी सगळी सेटिंग, सगळे मॅक्रो (साठवून ठेवलेल्या आज्ञा), कीमॅप तसेच्या तसे चालले. 'फोनवरचा' म्हणून काही काढून टाकलेला, पातळ केलेला व्हिम नाही हा. ज्यांनी व्हिम कधी पाहिला नाही त्यांनी मात्र फोनवर पहिला धडा घेऊ नये. आधी मोठ्या कीबोर्डवर महिनाभर बसा, व्हिमबरोबर येणारा व्हिमट्यूटर हा धडा पूर्ण करा, मग फोनकडे वळा. इमॅक्स हा दुसरा जुना एडिटर वापरणाऱ्यांसाठीही आता बातमी चांगली आहे, २०२५ मध्ये आलेल्या ३०व्या आवृत्तीपासून इमॅक्स अँड्रॉइडवर अधिकृतपणे चालतो. मी तो वापरलेला नाही, त्यामुळे त्याबद्दल मत देत नाही.

किंमत शून्य, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. मूलेनार यांनी व्हिम 'चॅरिटीवेअर' म्हणून दिला. आवडला तर पैसे मला नकोत, दक्षिण युगांडातल्या किबाले इथल्या मुलांसाठी द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९४ मध्ये ते स्वतः तिथे राहून काम करून आले होते. ३ ऑगस्ट २०२३ रोजी ते गेले, तेव्हा ते ६२ वर्षांचे होते. जानेवारी २०२४ मध्ये आलेली ९.१ ही आवृत्ती त्यांना अर्पण केली आहे. नुसता व्हिम उघडला की पहिल्या पानावर त्यांचं नाव दिसतं आणि बऱ्याचदा युगांडातल्या मुलांसाठीची ती ओळही. मी दरवर्षी दिवाळी अंकाच्या मानधनातून थोडी रक्कम मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला काढते, ती याच ओळीमुळे.

पाचपैकी गुण द्यायचे तर व्हिमला पाच आणि देवनागरीच्या दिसण्याला अडीच. अकरावा लेख गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण झाला. घरात रेंज नव्हती, म्हणून फोन घेऊन वरच्या सड्यावर गेले आणि कातळावर बसून अकरा फाइली पाठवल्या. संपादकांचं उत्तर खाली उतरेपर्यंत आलं होतं. "दुसऱ्या सगळ्या सापडतात आता. लॅपटॉप दुरुस्त झाला का?"